परगावी गेलेल्यांसाठी

१

खैरवाडीच्या देवळात रविवारची उपासना ठरल्या रीतीनं व्हायची. म्हाळूआबा घंटेचा दोर ओढायचे. बायका वरांड्यात चपला काढून डाव्या हाताच्या सतरंजीवर बसायच्या, पुरुष उजव्या. पाळक अमोलिकसाहेब केडगावहून सायकलवर यायचे, पँटच्या पायाला लावलेली क्लिप काढायचे, पांढरा झगा चढवायचे आणि पहिलं गीत सांगायचे. देऊळ म्हणजे तरी काय, मिशनच्या काळातल्या चार दगडी भिंती, वर पत्रा आणि समोर लाकडी क्रूस. वाडीत ख्रिस्ती घरं थोडी होती, पण रविवारी कुणी घरी थांबत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात या रीतीत एका गोष्टीची भर पडली. विहिरी आटल्या. दुष्काळी कामावर खडी फोडूनही पोट भरेना, तशी माणसं मिळेल ती गाडी धरून निघून गेली. कुणी मुंबईला, कुणी सुरतेकडं, कुणी तर कुठं जातो तेही सांगितलं नाही. तेव्हा साहेबांनी प्रार्थनेत एक नवी जागा केली. "परगावी गेलेल्यांसाठी," असं म्हणून ते एकेक नाव घ्यायचे आणि प्रत्येक नावाला सगळी मंडळी म्हणायची, "प्रभू, सांभाळ."

पहिल्या वर्षी ती नावं संपता संपत नसत. मग पाऊस झाला आणि माणसं परतू लागली. जो परतला त्याचं नाव गळायचं, आणि तो स्वतः उजव्या सतरंजीवर बसून लाजत हसायचा. कुणाकुणाच्या मरणाची बातमी आली. ती नावं निजलेल्यांच्या प्रार्थनेत गेली. असं होता होता एकच नाव उरलं. बन्सी पारधे.

बन्सीची बायको चांगुणा सतरंजीच्या कडेला, साखरमावशीच्या शेजारी बसायची. साहेबांनी ते नाव घेतलं की पदर पुढं ओढायची. आठवडाभर ती लोकांच्या रानात खुरपायची ती या एका क्षणासाठी, असं म्हटलं तरी चालेल. सासू-सासरे कधीच गेलेले, पोरबाळ नाही, आणि नवऱ्याचं नाव ती स्वतः तोंडानं घेणार नव्हती. बन्सीचं नाव मोठ्यानं घेणारं जगात एवढंच एक ठिकाण होतं.

सुगी सरत आलेली असताना एका रविवारी ऊन दारातून पार आत आलं होतं. साहेब म्हणाले, "बन्सी पारधे." मंडळीनं तोंड उघडायच्या आत मागून, दाराकडून, कुणीतरी म्हणालं, "हाय."

मोठ्यानं नाही. हातातलं काम न सोडता माणूस हाकेला ओ देतो, तसं.

"प्रभू, सांभाळ," मंडळी म्हणाली, आणि साहेब पुढच्या प्रार्थनेकडं वळले.

२

"मावशी, ऐकलं का?" बाहेर पडल्यावर चांगुणानं विचारलं.

"काय गं?"

"मागनं कुनीतरी हाय म्हनलं."

साखरमावशी चपलेत पाय घालत म्हणाली, "रस्त्यानं कुनी जात आसंल. एकानं इचारलं आसंल, तंबाकू हाय का. दुसरा म्हनला आसंल, हाय."

चांगुणाला ते पटलं. रस्ता देवळाला लागूनच होता आणि बोलणारी माणसं त्यावरून सदा जायची. पण पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. मग साखरमावशीनं ऐकलं, मग सगळ्यांनीच. कुणी मान वळवली नाही. म्हाळूआबा मंडळीतले वडीलधारे; ते मुद्दाम दाराशी जाऊन बसले, आणि उपासनेनंतर त्यांचा चेहरा उतरला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ते म्हणाले. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. दार लावल्यावर आवाज दाराच्या आतून आला.

लेकरं भेदरली. बायका लवकर घरी जाऊ लागल्या. चांगुणाचं मात्र वेगळंच होतं.

खरी गोष्ट अशी की तिला बन्सीचा आवाज आठवत नव्हता. चेहरा आठवायचा, कपाळावरचा वण आठवायचा, चालताना त्याचा डावा खांदा जरा खाली असायचा तोही आठवायचा. आवाज कधी गेला ते तिला कळलंच नव्हतं. एकदा भाकरी थापताना तिनं तो आठवून पाहिला, तर रिकाम्या रांजणात हात घातल्यासारखं झालं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याचा आवाज विसरलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं वाट बघायची?

आता दर रविवारी तो एक शब्द कानावर पडायचा आणि त्या रिकाम्या जागी जाऊन बसायचा. असाच होता की, ती मनाशी म्हणू लागली. असाच घोगरा, दमलेला. तिचंच मन तिला विचारायचं, असाच होता हे कशावरून? तरी शनिवारी संध्याकाळी ती केसांना तेल लावायची आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून ठेवायची.

३

मंडळीचे पंच वरांड्यात बसले. म्हाळूआबांनीच तोंड फोडलं.

"साहेब, त्याला निजलेल्यांत घाला. आता बास झालं. लेकरं देवळात पाय टाकंनात."

चांगुणा खांबाला टेकून उभी होती. "आबा, मानूस ओ देतुया आन् तुम्ही त्येला मेला म्हनता?"

"जितं मानूस आशी ओ देत न्हाई, पोरी. जितं मानूस दारात येऊन उभं ऱ्हातं."

"मेलेलं तरी देतंय व्हय?"

साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "बातमी नसताना एखाद्याला निजलेल्यांत घालायचा मला अधिकार नाही. थोडं थांबू."

पुढच्या रविवारी ते प्रार्थनेतल्या त्या जागी आले. "परगावी गेलेल्यांसाठी," म्हणाले आणि थांबले. मंडळी नावाची वाट बघत होती. साहेबांनी एकदा दाराकडं पाहिलं.

"येशूदास," ते म्हणाले.

त्या नावाचं वाडीत कुणी नव्हतं, कधीच नव्हतं.

"हाय."

तोच आवाज, तसाच दमलेला. साहेबांचा हात बायबलावर होता तो तिथंच राहिला. मग स्वतःला आवरता न आल्यासारखं त्यांनी आणखी एक नाव घेतलं, "मार्था."

"हाय."

त्या दिवशी 'प्रभू, सांभाळ' कुणीच म्हणालं नाही.

उपासना संपल्यावर साहेब सायकलपाशी चांगुणासाठी थांबले. "चांगुणाबाई, ती दोन्ही नावं मी मनानं घेतली होती. तो बन्सी नाही. जो कोणी आहे तो कुठल्याही नावाला ओ देतो."

चांगुणा खाली बघत होती. सायकलच्या चाकाला गोखरू चिकटले होते, तेवढे तिला दिसत होते.

"तुम्ही आपलं त्येंचंच नाव घेत जावा, साहेब."

"हे कळल्यावरसुद्धा?"

"इतकी वर्सं हाका मारल्या," ती म्हणाली. "कुनीतरी ओ दिली. आता ती बी काढून घेऊ नगा."

क्लिप लावून, सायकल हातात धरूनच साहेब रस्त्यापर्यंत चालत गेले. पण पुढच्या रविवारी त्यांनी बन्सीचं नाव घेतलं, आणि त्याच्या पुढच्याही.

४

आणि उन्हाळ्यात बन्सी परत आला.

चांगुणा घराच्या भिंतीला माती लिंपत होती. हात कोपरापर्यंत भरलेले. मागून हाक आली, "चांगुणा."

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तिनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. हा आवाज त्यांचा न्हाई, असं आलं.

मग ती वळली. पत्र्याची पेटी घेऊन तो अंगणात उभा होता. केस पिकलेले, डावा खांदा खाली. आणि त्याला बघितल्याबरोबर त्याचा खरा आवाज तिला आठवला. पातळ होता, घाईचा, शब्दाच्या शेवटी जरा वर चढणारा. देवळातल्या आवाजाशी त्याचं काही म्हणजे काही नातं नव्हतं.

रात्री जेवताना त्यानं सांगितलं ते एवढंच. गुजरातेत मिठागरावर होता, मग तापानं धरलं, मग दुसरीकडं गेला. "मग ऱ्हाऊन गेलं," तो म्हणाला, आणि ताटात बघत राहिला. ती भांडली नाही. भांडण करायचं म्हणून किती दिवस मनात जपून ठेवलं होतं, पण ते तोंडापर्यंत आलंच नाही.

तिनं एवढंच विचारलं, "तिकडं कवा रविवारी कुनी हाक मारल्यागत झालं का तुमास्नी?"

"तिकडं कोन हाक मारनार?" बन्सी म्हणाला. "न्हाई."

रविवारी तो उजव्या सतरंजीवर बसला. म्हाळूआबांनी त्याला मिठी मारली, साखरमावशी रडली. साहेबांनी आभाराची प्रार्थना केली तेव्हा त्यांचा स्वर मोकळा झालेला सगळ्यांना जाणवला. परगावी कुणीच नव्हतं आता. ती जागा आली तसे साहेब क्षणभर थांबले, सवयीनं, आणि मंडळीही थांबली.

त्या शांततेत चांगुणानं ऐकलं. मागं, दाराच्या आत, कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा.

साहेब आजाऱ्यांच्या प्रार्थनेकडं वळले. तो श्वास बाहेर सोडल्याचं तिला ऐकू आलं नाही. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, माणसं उठली, तरी नाही.

त्यानंतर चांगुणाचं कशात लक्ष लागेना. नवरा घरात होता. बाजारातून भाजी आणत होता, चुलीपाशी बसून विडी ओढत होता. जेवायला सोबत होती. तरी कालवण ढवळताना तिचा हात थांबायचा आणि कान देवळाकडं लागायचे. रांगेत नंबर आलेलं माणूस कुणी बोलवायची वाट बघत उभं असावं आणि दुकान बंद व्हावं, तसं काहीतरी तिकडं झालेलं होतं. नवरा घरात असताना दुसऱ्याच कुणासाठी जीव तुटतो, हे सांगायची सोय नव्हती. कुणासाठी, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

५

शनिवारी देऊळ झाडायची पाळी तिची आली. दुपारचं ऊन होतं. तिनं कडी काढली, दार उघडं टाकलं आणि नेहमीसारखी समोरच्या बाजूनं झाडत मागं येऊ लागली. वर पत्रा तापून टक् टक् वाजत होता. एरवी आढ्याला चिमण्यांचा कालवा असायचा. आज एकही नव्हती. चिमण्या उन्हामुळं गेल्या असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

अर्ध्यावर आल्यावर तिनं मान वर केली.

पुरुषांच्या बाजूला, मागच्या भिंतीपाशी, कुणीतरी बसलेलं होतं. तिच्याकडं पाठ. अंगावर धुळीच्या रंगाचं काहीतरी पांघरलेलं. पाठ पुरुषाची आहे असं तिला वाटलं. मग वाटलं, म्हातारीची असावी. मग वाटलं, पाठ लहान आहे, फार लहान. मान एका बाजूला किंचित कललेली होती. ऐकायला कलते तशी.

चांगुणाच्या हातातला झाडू थांबला. पळावं असं तिला वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते निराळंच. तिला कळलं की आपण आता नाव घेतलं तर हे उठेल, वळेल, आणि जे नाव घेऊ त्याचा चेहरा त्याला असेल. ती ज्याची वाट बघत बसली होती तो बन्सी; ताप येऊन गेलेला, तिकडंच राहून गेलेला हा नव्हे. गाडीत बसताना मागं वळून बघणारा तो. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव तिच्या ओठावर आलं. तिनं तोंडही उघडलं.

ती कललेली मान जरा आणखी कलली.

एवढं आसुसलेलं तिनं कुणालाच कधी पाहिलं नव्हतं. एक स्वतःला सोडून.

तिनं ते नाव गिळलं. ती हळू म्हणाली, "तुमचं नाव काय?"

पत्रा वाजत राहिला. बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि निघून गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत काहीच झालं नाही.

मग भिंतीकडून उत्तर आलं.

"आठवत न्हाई."

चांगुणानं तेवढी जागा सोडून बाकीचं देऊळ झाडलं. तिकडं पाठ न करता ती दाराबाहेर पडली. कडी मात्र तिनं लावली नाही.

६

सकाळी साहेब सायकलवरून उतरले तेव्हा ती वरांड्यात उभी होती. म्हाळूआबा घंटेच्या दोरापाशी होते.

"साहेब, एक मागनं हाय. ज्येंची नावं कुनालाच ठावं न्हाईत, त्येंच्यासाठी आज म्हना."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. काल काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत असावं. "नाव नसलेल्याला बोलवायचं कसं, चांगुणाबाई? आणि काय येईल ते आपल्याला माहीत नाही."

आता आबा चिडतील म्हणून तिनं त्यांच्याकडं बघितलं. आबा वरांड्याच्या फरशीकडं बघत होते.

"म्हना, साहेब," आबा म्हणाले. "दुस्काळाच्या साली या वरांड्यात रस्त्यानं जानारं कोनकोन निजून गेलं. आपन भाकर दिली आसंल, नसंल. नाव न्हाई इचारलं कुनाचं." आणि त्यांनी घंटा वाजवली.

गीत झालं, वाचन झालं. साहेब त्या जागी आले. झग्याच्या बाहीनं त्यांनी कपाळ पुसलं.

"परगावी गेलेल्यांसाठी," ते म्हणाले. "ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी."

"हाय," दारातून आवाज आला. ओळखीचा, दमलेला. चांगुणानं डोळे मिटले. तिला वाटलं, झालं.

"हाय," उजव्या भिंतीकडून आला. तो दुसरा होता.

मग वरांड्यातून, बाईचा. मग पायरीपाशी, कोवळा, नीट बोलता न येणारा. मग बाहेर रस्त्यावरून. मग ओढ्याच्या अंगानं, मग त्याच्याही पलीकडून, रानातून रानात माणसं एकमेकांना ओ देतात तसे, लांब लांब, एकामागून एक, वरवंड गावाच्या बाजूला पार विरत जाईपर्यंत. आणि ते संपत नव्हते.

कुणी वळून बघितलं नाही. पुढच्या रांगेत एका बाईच्या खांद्यावर तान्हं पोर होतं, तेवढं मागं बघत होतं. त्याची नजर एका ठिकाणी थांबायची, वर जायची, मग शेजारी सरकायची आणि तिथं थांबायची. माणसांचे चेहरे बघावेत तशी. दाराकडून ती हळूहळू जवळ येत होती.

अनवाणी पावलं फरशीवर घासल्यासारखा आवाज झाला.

"प्रभू, सांभाळ," म्हाळूआबा एकटेच म्हणाले. मग बन्सी म्हणाला, त्याच्या त्या पातळ, घाईच्या आवाजात. मग सगळी मंडळी. कुणासाठी म्हणत होते, त्यांच्यासाठी की आपल्यासाठी, ते कुणालाच नक्की सांगता आलं नसतं.

साखरमावशी जरा आत सरकली. तिच्या पलीकडची सरकली, तिच्याही पलीकडची. पुरुषांच्या बाजूला गुडघे आवळून घेतल्याचा आवाज आला. चांगुणा मावशीला चिकटून बसली, आणि सतरंजीच्या कडेला तिच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा झाली.

ती समोर क्रूसाकडं बघत होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला सतरंजी दिसत होती. ती रिकामी जागा हळूहळू दबली.

साहेबांनी पुढचं गीत सांगितलं. चांगुणानं पुस्तकाचं पान काढलं आणि तिकडं न बघता पुस्तक थोडं डावीकडं धरलं.